मधला श्वास

बारक्या,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं.

दहा वर्षं गिटार पोटाशी धरून तू मला ऐकवायचास, "ताई, शब्द आले की सुरांची वाट लागते." आणि आता स्वतःच गातोस! तेही गोड, सोपं, कुणीही गुणगुणावं असं. मी जाते त्या दवाखान्यातली नर्ससुद्धा तुझंच गाणं लावून मला वाफ देते. नुसता जळफळाट होतो माझा.

तुला चाल सुचली की तू विसरू नयेस म्हणून भांडी घासता घासता मीच ती गात राहायचे. दम्यामुळे ओळ सलग जमायची नाही, मध्येच श्वास घ्यावा लागायचा. तू खिदळायचास, "आला ताईचा थांबा!"

काल तुझं गाणं दहाव्यांदा ऐकलं, खोट काढायलाच. चाल त्याच जुन्या चालींपैकी एक. सापडली. दुसऱ्या ओळीत, शब्दाच्या ऐन मधोमध तू श्वास घेतोस. मी घ्यायचे, अगदी तिथेच.

तुला तर दमा नाही रे.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर ती चूक सुधारशील, आणि मग त्या गाण्यात माझं काहीच उरणार नाही.

अजूनही जळणारी,
तुझी ताई