पोरीचा चौथा इंटरव्ह्यू

४ मार्च
नाही, रडली नाही ती. कांदा चिरत होते म्हणाली. कांदा टोपलीतच होता.
तिसऱ्या कंपनीचा नकार आला. मोबाईलवर दोन ओळी. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' मेल्यांनो, वाट अडवून बसलात आणि वाटचालीला शुभेच्छा देता?
माझी पोरगी पायलट आहे. लायसन्स आहे, विमान नाही. जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "लागली का गं कुठे?" मी म्हटलं, "तीन कंपन्या मागे लागल्यात, कोणाला हो म्हणावं तेच कळत नाही." फारसं खोटं नाही.

५ मार्च, सकाळी
ठरलं. आजपासून तयारी मी घेणार. शाळा गावातली, सातवीपर्यंतची, पण माणसं वाचता येतात मला. पायलट झाले तरी शेवटी माणसंच.
टेबलापाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मी कॅप्टन, ती ज्युनिअर. विमान कोणाच्या हातात आहे ते तोंडाने सांगायचं असतं म्हणे. एकाने "कंट्रोल तुमच्याकडे" म्हणायचं, दुसऱ्याने "कंट्रोल माझ्याकडे", मगच पहिल्याने हात सोडायचा. दुपारी चहाची किटली मी तशीच दिली. हसली. तीन आठवड्यांनी.

८ मार्च
काय चुकलं ते आज कळलं. सिम्युलेटर म्हणजे खोलीएवढा डबा, आत खोटं विमान. परीक्षकच कॅप्टन होऊन बसला आणि मुद्दाम विमान खाली खाली नेत राहिला. शेजारच्याने टोकायचं, नाहीच ऐकलं तर कंट्रोल काढून घ्यायचं, हीच परीक्षा. आणि आमची बाई गप्प.
"आई, ते साठीचे होते गं. मोठ्या माणसाला कसं अडवायचं?"
विमान पडद्यावरच्या शेतात घुसलं. शेरा मिळाला, 'बोलत नाही.'
हे वळण हिला कुठून लागलं कोण जाणे. आमच्याकडे सगळे फटकळ. तिच्या बाबांवर गेलीय. ते होते तोवर, बावीस वर्षांच्या संसारात, त्यांना मला एकदाही मधे तोडता आलं नाही. त्यावर ती काहीतरी म्हणणार होती, पण मला तेवढ्यात दुसरंच आठवलं.

१२ मार्च
सराव जोरात. चुका मी करायच्या, टोकायचं तिने. आज भाजीत दोनदा मीठ घातलं, तिच्यादेखत. मुकाट्याने जेवली. मी म्हटलं, "वैमानिकबाई, सगळे प्रवासी गेले."
पण संध्याकाळी मी जाऊबाईंशी फोनवर बोलत होते, तर मधेच म्हणाली, "आई, पुरे." फोन हातातून घेतला आणि ठेवून दिला.
शिकवणी फळली म्हणायची. राग आला, पण फळली.

१९ मार्च
चौथी कंपनी. इंटरव्ह्यू झाला, सिम्युलेटर झालं.
"टोकलंस का?"
"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा कंट्रोल घेतलं."
चेहरा असा, की मी बघतच राहिले. मग म्हणाली, फार दिवस उडवलं नाही तर हाताची सवय जाते, मग कोणी दारात उभं करत नाही. ही शेवटची. झालं तर लांब ट्रेनिंग, वर्षभर. पुढे टाकतील तिथे राहायचं.
मी म्हटलं, "बरंच झालं, तुझी खोली मला."
चेष्टा मला कधीही सुचते.

२६ मार्च
काही नाही. कंपनीच भिकार दिसतेय. पोरगी फोन उशाला घेऊन झोपते. मी म्हटलं, त्याला पांघरूण पण घाल.
हसली नाही.

३० मार्च
"मीच फोन करून विचारू का?" म्हणत होती. मी म्हटलं, "आपण कशाला लाचार व्हायचं? गरज असेल तर येतील पाया पडत." ऐकलं तिने. ऐकणारी आहे हो पोरगी.

३ एप्रिल
शेवटी तिने मेल केलाच. उत्तर आलं, 'जागा भरल्या आहेत.' कोणी, का, काही नाही. एवढी शिकलेली माणसं, चार ओळी लिहायला हात मोडतात यांचे.

५ एप्रिल
उद्यापासून ती कोपऱ्यावरच्या एजन्सीत बसणार. लोकांना विमानाची तिकिटं काढून द्यायची. युनिफॉर्मच्या खांद्यावरच्या पट्ट्या काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या. मी म्हटलं, घरापासून जवळ आहे, दुपारी गरम जेवायला येता येईल.
ती म्हणाली, "आई, माझ्यातच काहीतरी कमी आहे बघ."
मला एकही चेष्टा सुचली नाही.
तिच्यात काही कमी नाही. चोवीस तारखेला दुपारी कंपनीच्या बाईचा फोन आला होता. तिचा लागेना म्हणून फॉर्मवरच्या माझ्या नंबरावर. निवड झालीय, पाचच्या आत होकार कळवा, म्हणाली. आत पोरगी पंखा लावून झोपली होती. घरात तेवढाच काय तो आवाज.
मी सांगितलं, ती दुसरीकडे लागली.