कोथिंबिरीत गेलेल्या डच चिठ्ठ्या

५ जानेवारी, सोम.
फुलकोबीला पाणी दिलं. संध्याकाळी ओसरीवर अश्विनीसोबत डच. हॉलंडच्या दवाखान्यात नर्सची जागा आहे, पण आधी भाषेची परीक्षा. त्यांची नामं एकमेकांना जोडून सलग लिहितात, मध्ये जागाच नाही. पोरगी अडते. म्हटलं, मी पोथी वाचतो तसं कर. लांब शब्द आला की आधी सांधा शोधायचा, तिथं बोट ठेवायचं, मग तुकड्यानं म्हणायचं. झी-कन-हाउस. घास तीन, पण सांधा एकच, हाउसच्या आधी. आजाऱ्यांचं घर, म्हणजे दवाखाना.
"बाबा, तुमीच जा परीक्षेले!"

८ जाने., गुरु.
ब्लूम-कोल. ब्लूम फूल, कोल कोबी. म्हणजे माझ्या वावरात उभी आहे तीच! एवढ्या लांबच्या माणसांनीही तिला हेच नाव ठेवलं. दिवसभर बरं वाटलं.
हातमोज्याला हाताचा जोडा म्हणतात. अश्विनीची आई हसून हसून बेजार. "मंग टोपीले डोक्याची चप्पल म्हनत असतीन!" नंतर चूल फुंकता फुंकता मला, "पोरीले शिकवून राह्यले का धाडून राह्यले?"
मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पुढचा शब्द लिहायला घेतला.

११ जाने., रवि.
चूक माझी. काल डच शब्दांच्या चाळीस चिठ्ठ्या केळीच्या सोपटानं बांधल्या, आमच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसारख्याच, आणि ढिगाशेजारी ठेवल्या. पहाटे हिनं सगळा ढीग ओल्या पोत्यात बांधला. माल कारंजाला गेला. मागोमाग एसटीनं मी. अडत्याकडच्या हमालानं जुडी काढून दिली. "काका, हा कोनता सांबार?"
शाई पार धुतलेली. यादी तिच्या मोबाईलवर आहे, पण सांध्याच्या रेघा, खाली माझ्या अक्षरातले उच्चार... महिनाभराचं काम. परीक्षा शनिवारी.
अश्विनी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मले जाऊ द्याचं नव्हतं तर सांगाचं ना, बाबा."
विसरलोच होतो. की... देवापुढं बसलो तरी ठरेना.

१२ जाने., सोम.
दांडातून वाफ्यांत पाणी फिरवत एकेक शब्द मनात म्हणत गेलो. आर्ट-आपल, मातीचं सफरचंद, बटाटा. दुपारी नवे पुठ्ठे कापून लिहिले. तिनं यादीशी ताडून पाहिले. तीन रेघा चुकल्या, बाकी बरोबर. खूप दिवसांनी मोकळी हसली.
"चाळीसातला एक कमी हाय, बाबा."
"नाही आठवत."
खोटं बोललो.

१३ जाने., मंगळ.
पूजा झाल्यावर चाळीसावी लिहिली. हाइम-वे. घर, दुखणं. लांब गेलेल्या माणसाला घराची जी आठवण छळते, तिचं नाव. तिच्या डब्याखाली ठेवून वावरात गेलो.

१७ जाने., शनि.
पुण्याहून फोन. "बरा गेला पेपर." हिनं देवापुढं साखर ठेवली. कशासाठी, ते सांगितलं नाही.

१९ जाने., सोम.
आली. विचारलं, तो शब्द आला होता काय?
"नाही." मग पर्समधून चिठ्ठी काढून माझ्या हातात. "हे तुमच्यापाशी राहू द्या. मले पाठ हाय."
पोथीत ठेवली. निकाल पुढच्या महिन्यात.
उद्याच्या जुड्या बांधायच्या आधी हिनं कोथिंबिरीचा सगळा ढीग दोनदा चाळून पाहिला.