कार्मेलची चाळिसावी ओळ

३ फेब्रुवारी २००८, रविवार

मलिदा नाही! विहीणबाईंचा निकाल फ्लोरिडाहून आला. राजीवने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, जुडिथ नको म्हणतेय. सिनेगॉगच्या हॉलमध्ये ताटबीट नको. लोकांना नैवेद्य वाटेल."

वाटू दे! गेल्या वर्षी याची छाती उघडली होती, तेव्हा आमच्या संदेष्ट्याला, एलियाहू हन्नाबीला, मी बोलले होते — माझा मुलगा उठू दे, नातीच्या बात मित्झ्वाला, ती सिनेगॉगमध्ये पहिलं वाचन करेल त्या दिवशी, सगळ्यांसमोर तुझा मलिदा करीन. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, पाच फळं. एवढंच. मुलगा उठला. आमच्या या ट्रॉय गावच्या थंडीत दारातला बर्फ उपसतोय. नवस मात्र फ्लोरिडात अडकला.

५ फेब्रुवारी

सुनेशी बोलायला निघाले होते. राजीव आडवा आला. "लिसाला मध्ये घालू नकोस. तिची आई आहे ती." बरं. नाही घालत.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

नातीला, तालियाला, वाचायला आलाय पवित्र शास्त्रातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा अठरावा अध्याय. म्हणजे नेमका आमचा एलियाहू! दुष्काळ, कार्मेल डोंगर, समोर बआल या परक्या देवाचे साडेचारशे पुजारी आणि हा एकटा; ज्याच्या बळीवर वरून आग पडेल, त्याचा देव खरा. तो जमलेल्या लोकांना विचारतो — किती दिवस दोन्हीकडे लंगडत राहणार? त्यावर, पुस्तक म्हणतं, लोक एक शब्दही बोलले नाहीत.

"बट व्हाय दॅट माउंटन, आजी?"

सांगितलं. तो सीमेवरचा डोंगर. अलीकडे इस्राएल, पलीकडे बआलची माणसं. समुद्रावरचा ढग आधी तिथे टेकतो, म्हणून पाऊस कोणाचा हे तिथेच ठरायचं. शिवाय वर परमेश्वराची जुनी वेदी होती, मोडून टाकलेली. एलियाहूने बारा दगड घेऊन ती आधी नीट केली, मग आग मागितली.

"पण सॅक्रिफाइस तर ओन्ली जेरुसलेमला, राइट?"

पोर हुशार आहे! तेच तर म्हणते मी. नियम यरुशलेमच्या मंदिराचा, याने केलं कार्मेलवर, तरी आग उतरली. देवाला दुसरा डोंगर चालला. जुडिथला पोह्यांचं ताट चालत नाही!

"इट्स जस्ट पोहे, आजी."

"मग सांग की तुझ्या ग्रँडमाला."

"नो वे! यू टू आर स्केअरी."

१३ फेब्रुवारी

नवा निरोप, राजीवमार्फतच. "जुडिथ म्हणते, इंडियात ठीक आहे. इथे ते ओरिजनल ज्यूइश वाटत नाही."

ओरिजनल! आम्ही कोकणात घाणे चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो. अख्खा मुलूख आम्हाला शनिवार तेली म्हणायचा. कोणी शिकवायला आलं नव्हतं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण आहे. हिच्या फ्लोरिडात काय आहे? मगरी!

१७ फेब्रुवारी

तालियाने एक शोधून काढलं. त्या दिवशीचं वाचन एकोणचाळिसाव्या ओळीवर थांबतं. आग पडते, लोक पालथे पडून "परमेश्वर हाच देव" म्हणतात — संपलं. चाळिसावी वाचत नाहीत. तिच्यात एलियाहू त्या पुजाऱ्यांना ओढ्यावर नेऊन कापून काढतो.

"दे कट इट, आजी! द बॅड पार्ट!"

मुंबईत तीस वर्षं उपसंपादक होते. जागा नाही म्हणून गेलेली ओळ आणि जाणूनबुजून काढलेली ओळ यांतला फरक मला कळतो. ज्याने ही काढली, तो शहाणा होता.

माझं मन मात्र त्याच ओळीपाशी अडकलं. दोन मिनिटांचं भाषण लिहून टाकलं, इंग्रजीत. शनिवारी, तालियाच्या वाचनानंतरच्या जेवणाच्या वेळी बोलणार. राजीवला दाखवलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

जुडिथबाई आल्या. उंच, सेंटचा घमघमाट. मिठी मारायला पुढे झाल्या, मी हात पुढे केला.

राजीव आम्हा दोघींना एका खोलीत सोडतच नाही. मी चहा टाकला की हा हजर. भांडण टाळतोय बिचारा.

२४ फेब्रुवारी, रविवार

काल शनिवार, शब्बाथ; त्या दिवशी लिहीत नाही, म्हणून आज.

तालियाने सुरेख वाचलं. मग हॉलमध्ये जेवण. मी उठले. म्हणाले — कार्मेलवर एलियाहूने मोडलेली वेदी पुन्हा रचली. काही लोक मात्र दुसऱ्याची वेदी मोडतात आणि स्वतःला शुद्ध म्हणवतात. माझ्या मुलाच्या जिवासाठी केलेला नवस फ्लोरिडाहून नाकारला गेला! मग सरळ जुडिथचं नाव घेतलं.

लिसा रडत बाहेर गेली. जुडिथ पांढरीफटक. पण बघत होती ती राजीवकडे. माझ्याकडे एकदाही नाही.

मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

२५ फेब्रुवारी

सकाळी घरच्या ओट्यावर मलिदा केला, एकटीनेच. विमानतळाला निघता निघता जुडिथ स्वयंपाकघरात आल्या. ताटाकडे बघत राहिल्या.

"रिवका, यासाठी मी मधलं टेबल ठेवायला सांगितलं होतं. राजीव म्हणाला, तुम्हीच नको म्हणताय. बाहेरच्यांना दाखवत नाहीत म्हणे."

राजीव दारात, हातात गाडीची किल्ली.

"किती दिवस दोन्हीकडे लंगडणार, राजीव?"

एक शब्दही बोलला नाही.