चुन्याचे तीन ठिपके

४ ऑक्टोबर, रविवार

दादाची, म्हणजे मामाच्या पोराची, नवी चड्डी आली. काळी, घट्ट, सायकलवाल्यांची असते तशी. जास्त हवा भरलेल्या ट्यूबसारखा दिसतो. एक दिवस फाटकन फुटेल, मी वाट बघतेय.

मामाच्या सायकलच्या दुकानाच्या रविवारच्या फेरीला आज नऊ जण, पैसे भरून. दोन ढेऱ्या, एक नवरा-बायको जे एकमेकांशी बोलत नाहीत, दोन ऑफिसातले, दोन कॉलेजातले आणि दर रविवारी येणारी ती दातांची डॉक्टर. टेकड्यांचा रस्ता, चोवीस किलोमीटर. दादा पुढे, मी सगळ्यात मागे, पंप आणि पंक्चरची पिशवी घेऊन.

चढावर थांबून दादा म्हणतो, "आता डावीकडे, मंडळी. हे वळण कुणाला सापडत नाही." त्याला तरी कुठं सापडतं! पहाटे मी जाऊन चुना टाकून येते म्हणून सापडतं. एक ठिपका — उजवीकडे. दोन — डावीकडे. तीन — उतरा, सायकल हातात धरून चाला. ठिपका नसेल तर सरळ, बिनधास्त. हे फक्त मला, दादाला आणि मामाला माहीत. लोकांना वाटतं पक्ष्यांची शीट आहे.

मागून येताना मी बुटानं ठिपके पुसते. हे मामाचं डोकं. "रस्ता खुणा बघून सापडला तर दुकानात कोण कुत्रं येईल?"

डॉक्टरनं विचारलं, "हे रस्ते शोधले कुणी?"

दादा म्हणाला, "मीच. दोन वर्षं हिंडलोय, पायांचे तुकडे पडले."

पडू देत.

५ ऑक्टोबर, सोमवार

तीन पंक्चर. मामाच्या शिव्या चार. चौथी कशाबद्दल ते कळलं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

कालव्याचा रस्ता जमला! महिनाभर जुळत नव्हता. टेकडीवरून उतरून कालव्याच्या बांधावर यायचं, मग सात किलोमीटर पाण्याच्या कडेकडेनं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं, खाली-वर, खाली-वर. पेडल न मारता सायकल जाते. मी मोठ्यानं ओरडले. तिथं ऐकायला कुणी नसतं.

फक्त बांधाच्या सुरुवातीलाच पाण्यावरची मोरी आहे, तिच्या पुढचा उतार वाईट आहे. वरून साधा दिसतो. मधेच बांध तुटलाय, अर्धा कालव्यात गेलाय. बसून गेलं तर सरळ आत. तिथं तीन ठिपके लागतील.

दादा अजून एकदाही आलेला नाही. म्हणे, "तू सांगशील तसं." मी सांगत नाही, ठिपके टाकते. सांगायला माझी जीभ कुठं चालते? नववीत उभं करून धडा वाचायला लावला होता. एका ओळीला अख्खा वर्ग हसला, दुसरी ओळ आलीच नाही. त्यानंतर शाळेत गेले नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

पाणी प्यायला थांबलो तेव्हा डॉक्टर माझ्याजवळ आली. म्हणाली, "तू मागे असतेस, पण वळण दिसायच्या आधीच गिअर बदलतेस. तुला रस्ता पाठ आहे. हे सगळं तूच शोधलंस ना?"

कुणी असं कधी बघितलंच नव्हतं. मी तोंड उघडलं. "म-म-म—" मीच, एवढंच म्हणायचं होतं.

दादा मागून म्हणाला, "तिला कशाला विचारता? उत्तर यायला संध्याकाळ होईल. डबा आणलाय का?"

सगळे हसले. ढेऱ्या हसल्या. न बोलणारे नवरा-बायको एकत्र हसले. आणि डॉक्टर पण हसली. दाताची डॉक्टर ना, सगळ्यात जास्त दात तिचेच दिसले. पांढरे, एका ओळीत. एक दगड घालावा असे.

१४ ऑक्टोबर, बुधवार

रंगाऱ्यानं बोर्ड आणला. कालव्याच्या रस्त्याचा. रविवारी पहिली फेरी, त्याच्या आधी दुकानावर लावायचा. वर नकाशा, तो माझ्याच वहीतला. खाली लाल अक्षरात — मार्ग आखणी — आणि दादाचं नाव.

सकाळपासून न्हाणीघरात हळू आवाजात सराव केला. दुपारी मामापुढं उभी राहिले. "मामा, बोर्डावर माझं नाव पाहिजे." दोनदाच अडखळले.

मामा स्पोक बसवत होता. वर बघितलंसुद्धा नाही. "बोर्ड बघून लोक प्रश्न विचारणार. तू बोलणार? का मी दुभाषा ठेवू?"

दादा म्हणाला, "लिहा ना हिचं पण. खाली, बारीक. चुना — अमुक अमुक."

मागच्या खोलीत आईला सांगितलं. आई म्हणाली, "नाव घेऊन काय चाटायचंय? आपण मामाच्या घरात राहतो. डोकं खाली ठेव."

डोकं खालीच आहे. सतरा वर्षं. मला फक्त ते नाव पाहिजे. दुसरं काही मागितलेलं नाही मी कधी.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

कालव्यावर गेले होते. पाण्याची दारं उघडतो-मिटतो तो पाटकरी भेटला. सायकलवरनं उतरून काहीतरी सांगत बसला. शनिवारी दार बंद, आत सफाई, वगैरे. मी मान हलवली. माझं लक्ष मोरीपुढच्या उतारावर होतं. त्याच्याखाली पाणी. कमरेएवढं, हिरवं, खाली चिखल. चार वेळा जाऊन बघून आले.

१७ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. मोरीच्या पुढं ठिपके टाकायचे नाहीत.

ठिपका नाही म्हणजे सरळ, बिनधास्त. दादा छाती काढून सगळ्यांच्या पुढं जाईल आणि बदकासारखा पाण्यात. गॉगल जाईल, मोबाईल जाईल, ती चड्डी चिखलानं भरेल. काठावर नऊ जण हसायला. मी काठी देईन त्याला. म्हणेन, हा घे तुझा रस्ता. न अडखळता म्हणेन, आत्तापासून पाठ करतेय.

मरणार नाही. पोहता येतं त्याला.

१८ ऑक्टोबर, रविवार

पहाटे मी मोरीच्या अलीकडच्या फाट्यापर्यंतच गेले. पुढं ठिपके टाकायचे नव्हते, मग कशाला जायचं. तिथूनच परत फिरले. फाट्यावरून कालवा दिसत नाही.

दादा पुढे होता. मोरीवर थांबला, जमिनीवर इकडंतिकडं बघितलं. ठिपका नाही. मग ऑफिसातल्या दोघांना फोटोसाठी उभं केलं आणि डॉक्टरला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, सरळच आहे. मजा येईल."

मी सगळ्यात मागे. ओरडायला तोंड उघडलं.

"थ-थ-थ—"

डॉक्टर हसत गेली. 

पाणी नव्हतं. काल सकाळीच दार बंद करून चिखल काढला होता, पाटकरी तेच सांगत होता. खाली नुसतं सिमेंट, चकचकीत, वाळत आलेलं. आवाज पाण्याचा आला नाही. सायकल आधी, मग ती.

१९ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलंय. पुढचे दात गेले, वरचे चार. आई दवाखान्यात जाऊन आली. म्हणाली, "हात पूर्वीसारखा चालणार नाही म्हणतात. दातांच्या डॉक्टरला हात नसेल तर राहिलं काय?"

अकरा तारखेचं पान वाचलं. फाडलं. परत चिकटवलं.

दादा मागच्या नळावर आला. एका दिवसात तोंड एवढंसं झालंय. मला म्हणाला, "खरं सांग. मोरीपुढं तीन ठिपके होते का?"

पुसणारी मीच. दर वेळी मीच पुसते. आता तिथं काही नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

"होते," मी म्हणाले.

एकदाही न अडखळता. 

"मग मला दिसले नाहीत," दादा म्हणाला. नळाखाली डोकं घालून रडला. पाणी चालूच ठेवलं, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी बादली भरायची थांबले होते, उभी राहून सगळं ऐकलं. मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते, नंतर खोटं वाटेल.

२० ऑक्टोबर, मंगळवार

कालवा खात्याचे साहेब आले. बांध तुटलेला, परवानगी नाही, रस्ता आखला कुणी? डॉक्टरच्या घरच्यांनी तक्रार केलीय. ज्यानं आखला त्याच्यावर केस होणार.

दादा उठत होता. मामानं त्याचा खांदा दाबून खाली बसवला. माझ्याकडं बोट केलं. "रस्ते सगळे हीच काढते, साहेब. महिनाभर तिथंच असायची. माझ्या पोरानं तो रस्ता बघितलेलासुद्धा नाही."

सगळं खरं बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आई दारातून पुढं आली. "बोल ना गं! सांग की तू नाही काही केलं. बोल!"

साहेब पेन धरून थांबले. थांबले. मग त्यांनीच लिहून घेतलं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी रंगारी आला. मामानं स्वतः शिडी धरली. दादाचं नाव खरवडून त्या जागी माझं लिहिलं. पूर्ण नाव, लाल अक्षरात, रस्त्यावरून दिसेल एवढं मोठं. अकरा वाजता साहेब बोर्डाचा फोटो काढायला येतायत.