शिवेवर राहिलेली सुमी

३-९-५६, सोम.
सासूबाईंनी पुन्हा तेच काढलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाव नारबोदचा पुतळा शिवेबाहेर नेऊन जाळतो, घरोघरची दुखणी ओरडून तिच्यासोबत धाडतो. तिथं माझ्या सुमीला न्यायची म्हणे. "बहिरेपन जाते तं जाते, नेऊन पाहाले काय होते?" मी नाही म्हटलं. हे गावाला शहाणपण शिकवणारे गुरुजी, आईपुढे तोंडात मूग.

५-९, बुध.

मी गोठ्यात असताना हे सुमीला उचलून घेऊन गेले. सगळे ओरडत गेले, "सुमीचं बहिरेपन घेऊन जाय गे नारबोद!" जाळून झाल्यावर मागं वळून पाहायचं नाही, पीडा पाठीस लागते. म्हणून कुणी पाहिलं नाही. हे पुढं तोंड करून म्हणाले, "चल सुमे", आणि निघाले.
चल सुमे! सात वर्षांची पोर, जन्मापासून ऐकत नाही. घरात पाय आपटला की जमीन हलते, मग बघते. बाबा म्हणजे मिशीवर बोट, मी म्हणजे कपाळावर. हे सगळं यांनीच बसवलं. आणि शिवेवर तोंडानं हाक मारली.
दारात एकटे आले. "पोरगी कुठं आहे?" म्हटलं तेव्हा चेहरा उतरला.
मी धावत गेले. राखेपाशी बसली होती. रिकाम्या वाटेकडे बघत मिशीवर बोट फिरवत होती. फिरवतच होती.

६-९
पाटील ओट्यावर. "गुरुजी, शिवेवर टाकलेली पीडा तुमच्या बाईनं घरात आनली. माहा बैल रातपासून उठून नाही राहिला." नारळ फोडा आणि दसऱ्यापर्यंत पोर घराबाहेर काढू नका.
बैल परवा पुरणपोळ्या खाऊन फुगला, त्याचं खापर माझ्या लेकीवर. आडूनच म्हटलं, "पीडा कोन हाये, थे सांगा पहिले." पाटील उठून गेले. सासूबाई रडल्या. रडू देत.

८-९, शनि.
यांच्याशी बोलत नाही. सुमीही यांच्या जवळ जात नाही. रात्री जेवताना शेवटी विचारलंच, "गावच्या पोरांची नावं हजेरीत, तुमच्या पोरीचं काऊन नाही?"
"देवरीहून इन्स्पेक्टर येतात. ऐकत नाही तं शिकते काय, म्हणतील."
म्हणजे त्या दिवशीच नाही, दोन वर्षं रोजच सोडून जातात तिला. सोमवारी घेऊन येते म्हटलं.

१०-९, सोम.
नेली. पहिल्या ओळीत बसवली आणि दारातच ठाण मांडलं. यांनी रजिस्टर उघडून काहीतरी लिहिलं. हजेरी घेताना तिच्या पाळीला यांनी ती बसलेल्या फळीवर पाय आपटला. सुमीनं चमकून पाहिलं. मी दारातून हात वर करून दाखवला, तिनं केला. पोरं हसली. मग पुढच्या पोरानं आपल्या नावाला पायच आपटला. मला रडू आलं, लपवलं नाही.
दुपारी पाटलांचा निरोप: नाव काटा, नाहीतर उद्यापासून आमची पोरं येणार नाहीत.

११-९
अर्धी शाळा रिकामी. सुमी मात्र शाळेत गेली होती.
हे संध्याकाळी रजिस्टर घरी घेऊन आले, आडवे झाले. मी उघडलं. चौथी शिकलेय, रजिस्टर कळतं मला. सगळी नावं शाईची. खाली सुमीचं. पेन्सिलीनं!
पेन्सिलीनं लिहिलं, म्हणजे पुसायला सोपं. इन्स्पेक्टर आला की पुसा, पाटील ओरडला की पुसा. अंगाचा तिळपापड झाला.
उठवलं यांना. रजिस्टर पुढ्यात ठेवलं, दौत आणली, टाक बुडवून हातात दिला.
टाक धरून बसले आहेत. एक थेंब चटईवर पडला. कंदील मधे ठेवून मी समोर हे लिहीत बसलेय.