महिपतला, लपवलेल्या शाळेबद्दल

काशीगाव,
बुधवार, ५ जून १९९१

तुझ्यामुळे आमची शाळा गेली, महिपत, आणि तू तिकडे ठाण्याला जीपच्या काचा पुसत बसलायस! माणसानं निरोप धाडावा तर पुरता धाडावा. अर्धा निरोप म्हणजे अर्धा कच्चा भात, पोटात गेल्यावर कळतं काय झालं ते. "मंगळवारी साहेब येतोय, शाळेचं सामान मोजून ताब्यात घेणार," एवढंच तू दूधवाल्याकडे सांगितलंस आणि मोकळा झालास. ताब्यात घेणार म्हणजे काय, घेऊन कुठे नेणार, परत आणणार का, कोण साहेब, कुठला साहेब, काही नाही. मग आम्ही जे केलं ते केलं. आता माझ्यावर ओरडायचं नाही.

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत असं पूर्वी म्हणतेय. (माझी धाकटी, बाजूला बसून माझ्या वेलांट्या सुधारतेय, आईला ओरडायची हौस भागवून घेतेय.) म्हणून आता रीतीनं लिहिते. चि. महिपत यास थोरली बहीण मंजुळा हिचे अनेक आशीर्वाद. जिल्हा परिषदेची जीप चालवतोस म्हणून तुला चिरंजीव लिहावं की राजमान्य राजश्री, ह्यातच माझा चहा गार झाला. तुझी बायको काय म्हणतेय, सुगंधाचा गुडघा कसा आहे? निर्गुंडीचा पाला गरम करून बांधायला सांगितलं होतं, बांधला नसेलच, माझं सांगितलेलं तिला कधी पटलंय. इकडील सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही.

आधी मला एक सांग, ही शाळा कोणाची? जागा दिली माझ्या सासऱ्यांनी, तोंडी. भिंती बांधल्या जिल्हा परिषदेनं. वरची कौलं ग्रामपंचायतीची. मग ग्रामपंचायत गेली आणि नगरपरिषद आली, आमच्या दारांवर रंगानं नंबर टाकून गेली, आम्ही म्हटलं ठीक आहे. दिवाळीला आमचे अमृत गुरुजी म्हणाले कागद आलाय, शाळा आता नगरपरिषदेकडे जाणार. संक्रांतीला दुसरा कागद आला की इतक्यात नाही जाणार. होळीला तिसरा आला की शाळा गेली, पण गुरुजी नाही गेले, गुरुजी अजून जिल्हा परिषदेचेच. म्हणजे शाळा एकीकडे, मास्तर दुसरीकडे आणि पोरं आमच्या डोक्यावर! एका कागदात शाळा सकाळची, दुसऱ्यात दुपारची. आठवडाभर अर्धी पोरं सकाळी आली, अर्धी दुपारी, आणि गुरुजी बिचारे डबा घेऊन मधेच बसून. (माणूस भला आहे, गिरगावातून भाईंदर पश्चिमेला राहायला आलाय, तिथून स्कूटरवर येतो, पण बोलायला लागला की "धोरण ठरतंय" ह्याच्या पुढे जात नाही. मी म्हटलं, गुरुजी, दिवाळीपासून ठरतंय, आमच्यात एवढ्यात सोयरीक ठरून बारसं होतं.) दारावरच्या पाटीवर जिल्हा परिषदेचं नाव होतं ते पेंटरनं पुसलं, नवं काय लिहायचं ते त्याला कोणी सांगेना, तेव्हा तो नुसतं "शाळा" ठेवून निघून गेला. निदान तेवढं तरी होतं.

आता लपवण्याचं. डोकं माझंच, मी कुठे नाही म्हणतेय. तुला ग्रामपंचायतीच्या वेळची गोष्ट आठवत असेल. पाड्याची जेवणावळीची भांडी, ते दोन माणसांनी उचलायचे टोप, परात, झारे, सगळं पंचायतीच्या खोलीत असायचं. ज्या दिवशी पंचायतीला कुलूप लागलं त्या दिवशी भांडी गायब. कोणी म्हणालं टेम्पोत गेली, कोणी म्हणालं दप्तराबरोबर गेली. तेव्हापासून आमच्याकडे हळद असो की तेरावं, मंडपवाल्याचे टोप आणायचे, आणि तो मेला तळाला छिद्र असलेलेच देतो. तेव्हाच मी ठरवलं होतं, सरकार बदललं की आधी सामान घरात घ्यायचं, मग नमस्कार करायचा. त्यात तुझा निरोप आला. मी सोमवारी संध्याकाळी सगळ्या बायकांना गोळा केलं आणि दिवेलागणीच्या आत शाळा घरोघरी पोचती केली.

बसायच्या पट्ट्या गुंडाळून धाकूकाकांच्या माळ्यावर टाकल्या. (धाकूकाका म्हणजे ह्यांचे चुलते, कानानं चांगले, डोक्यानं कधी कधी.) फळा शेजारच्या आशाकडे गेला, तिनं तो वासरासमोर आडवा लावला. घंटा माझ्या तांदळाच्या डब्यात. पृथ्वीचा गोल आशाच्या सासूला दिला, त्या म्हातारीनं त्याला हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात बसवला आणि कोणी हात लावला की ओरडते. सरकारनं दिलेली ती विज्ञानाची पेटी होती ना, तिच्यातलं लोहचुंबक आमच्या विळीला जे चिकटलं ते चिकटलंच. गुरुजींना काही सांगितलं नाही, कारण त्या माणसाच्या तोंडावर सगळं दिसतं. पाड्यात गालगुंडाची साथ आलीय म्हणून त्यांना वाटेतूनच परत पाठवलं. पोरं बडबडतात, म्हणून पोरांना तारोडीला माझ्या नणंदेकडे आणि कोणाकोणाच्या मामाकडे लावून दिली. आणि खोली रिकामी बघून संशय नको म्हणून सगळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत घातली. अगं बाई, काय शोभत होती!

साहेब आला. एक साहेब आणि एक फाइलवाला. कुठल्या ऑफिसचा ते अजून कोणाला कळलेलं नाही, विचारायचं राहिलं, आम्हाला तो कधी जातोय ह्याचीच घाई. दारात उभा राहून चार वेळा शिंकला आणि म्हणाला, शाळा कुठे आहे? आशा म्हणाली, "कंची शाला?" तो म्हणाला, अहो, पाटीवर शाळा लिहिलंय. (ती पाटी उतरवायचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.) धाकूकाका म्हणाले, "ती पाटी जुनी हाय. नाव हाय, शाला न्हाय." साहेबानं विचारलं, मग इथली मुलं शिकतात कुठे? काका ताठ उभे राहून म्हणाले, "शिकत न्हाईत. आमच्यात तशी रीत न्हाय." महिपत, मला तेव्हा त्यांचं एवढं कौतुक वाटलं! मीही म्हटलं, साहेब, इथे मिरची वाळते फक्त. त्यानं फाइलवाल्याला दोन ओळी सांगितल्या, माझ्याकडून तांब्याभर पाणी प्यायला आणि डोळे पुसत गेला. आम्हाला वाटलं, जिंकलो. मी पेढेसुद्धा आणायला निघाले होते.

पंधरवड्यानं गुरुजी आले ते पांढरेफटक. हातात कागद. काय तर म्हणे, सदर ठिकाणी शाळा आढळून आली नाही, खोली रिकामी आहे, सबब जवळपासच्या मुलांनी जूनपासून हायवेच्या पलीकडच्या शाळेत जावं. मी म्हटलं, अहो पण आम्ही तर ती वाचवली! गुरुजी खाली बसले. मग त्यांनी समजावलं की साहेब सामान न्यायला आलाच नव्हता, इकडच्या वहीतून तिकडच्या वहीत लिहून घ्यायला आला होता, सामान जागेवरच राहणार होतं. हे तुला माहीत होतं की नाही? होतं, तर बोलला का नाहीस? नव्हतं, तर एवढी वर्षं तू त्या साहेबांना घेऊन फिरतोस कुठे?

हायवे तुला ठाऊक आहे. गुजरातला जाणारे ट्रक थांबतात का कोणासाठी? मागच्या वर्षी आशाची म्हैस पलीकडे गेली ती अलीकडे आली नाही. तिथून पोरगी रोज दोनदा जाणार? मी विचार करतेच आहे तर ह्यांनी लगेच निकाल दिला, "मग पुरे आता, पोरीच्या जातीला तिसरी खूप झाली." बोलले आणि भाकरी मोडायला लागले. पूर्वी ताट उचलून आत गेली. एरवी ही पोरगी माझ्या एका शब्दाला चार उलटे देते. आणि हिच्या एकटीचं नाही, पाड्यातल्या सगळ्याच पोरींच्या बापांना एकदम हायवेची भीती वाटायला लागलीय. पोरग्यांच्या बाबतीत नाही वाटत, त्यांच्यासाठी ट्रक बहुतेक थांबतात. वर तो नाक्यावरचा किराणावाला मला विचारतो, "बेन, वो स्कूल का रूम खाली है ना? मिर्ची के बाजू में हमारा थोडा गेहूं रख दो." मी त्याला काय सांगितलं ते पूर्वी लिहू देत नाहीये.

मग आम्ही शाळा परत आणायला निघालो. धाकूकाकांच्या माळ्यावरून पट्ट्या ओढल्या तर मागून धाडकन् काय पडावं? टोप! पाड्याचे टोप! परात, झारे, सगळं, वरती एवढी धूळ. काकांची बायको, देवाघरी गेली बिचारी, तिनं त्या वेळी सरकार नेईल म्हणून कोणाला न सांगता वर चढवून ठेवलं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, मला वाटलं तिच्या माहेरचं हाय. आता बोल! म्हणजे जी चोरी झाली म्हणून मी शाळा लपवली ती चोरी झालीच नव्हती. मी तिथेच माळ्याखाली बसले. एवढी वर्षं मी ज्या सरकारला शिव्या घातल्या त्या आता परत कशा घ्यायच्या, आणि कुठल्या ऑफिसात?

असो. शाळा पुन्हा जागेवर लागली. (चुंबक सोडून. आणि पृथ्वी म्हातारी देत नाही.) मी आणि आशा गुरुजींना पुढे घालून ऑफिसात गेलो. इथे म्हणाले ठाण्याला जा, ठाण्याला म्हणाले आता ते आमच्याकडे नाही, इथेच विचारा. इथे पुन्हा गेलो तर जेवणाची सुट्टी. शेवटी एका भल्या बाईंनी सांगितलं की सोमवारी, दहा तारखेला, शाळा उघडते त्या दिवशी साहेब पुन्हा बघायला येईल. खरोखर शाळा असली आणि पोरं पुरेशी असली तर चालू ठेवतील. गुरुजींनी नावं मोजली. खदाणीवरची पोरं धरली, वॉचमनचा लेक धरला, तरी तीन कमी. गुरुजी म्हणाले, धोरण आहे, तीनला तीनच लागतात.

तर तुझं काम एवढंच, जीपमध्ये साहेब तुझ्या मागे बसतो, जाऊन जाऊन जाणार कुठे? घोडबंदरच्या वळणावर गाडी घेतलीस की विचार, तिथे माणूस सीटला धरून बसतो आणि खरं बोलतो. विचार की माझ्या बहिणीच्या पाड्यात शाळा आहे, होती, मधे पंधरवडाभर नव्हती, त्याला तुम्ही काय म्हणता. नीट विचार. हळू विचार. ब्रेक मात्र लावत राहा.

तुझी थोरली बहीण,
मंजुळा

ता. क. सुगंधाला सांग, आपल्या टोपांत परवा पाड्याचा भात शिजवला. तळाला छिद्र नाही.

ता. क. दुसरा. पूर्वी पाणी भरायला गेलीय, आता वेलांट्या चुकल्या तर चुकल्या, हे तिच्यासमोर लिहायचं नव्हतं. तीन कमी आहेत ना, ते तीन मी शोधलेत. एक आशा, एक आशाची जाऊ आणि एक मी. गुरुजींना विचारलं तर त्यांनी सगळे कागद काढले. पोराला वर्षं किती पूर्ण हवीत ते लिहिलंय, किती झाली की बसू द्यायचं नाही ते कुठेच नाही. सहा पूर्ण लागतात, माझी सात वेळा पूर्ण झालीत. गुरुजी घाबरलेत, म्हणतात वरून विचारून घ्या. वर म्हणजे माझ्या ओळखीचा तू एकटाच आहेस. मला दुसरीतून उठवली ती कोणाला कडेवर घेऊन मिठागरावर फिरवायला, हे आईनं तुला सांगितलं नसेल. तू जड होतास. माझी दुसरी अर्धी राहिलीय, आणि ती काही मी हायवे ओलांडून पुरी करायची नाही. तेव्हा साहेबाला आधी हे विचार, बाकीचं मग. उत्तर शनिवारच्या आत पाठव, पुरतं पाठव, आणि दूधवाल्याबरोबर नको, स्वतः ये. नाही आलास तर सोमवारी मी पट्टीवर बसलेली असेन, मग कुठल्याही ऑफिसच्या साहेबानं मला दुसऱ्यांदा दुसरीतून उठवून दाखवावं.