बरोबरची लाल रेघ

४ ऑक्टोबर
आज डोंगरावरच्या चौकीत रुजू झाले. खोली लहान पण उजेडाची. खिडकीतून डोंगराची अख्खी धार दिसते. वाटांवरच्या खुणा रंगवायच्या, पडलेली झाडं कळवायची, वाट चुकलेल्यांना खाली आणायचं, एवढं काम. आमचे हे इथेच नोकरीला होते. उन्हाळ्यात कड्याखाली सापडले, जीपीएस मुठीत घट्ट धरलेलं. त्यांच्याच जागी मला घेतलंय. साहेबांनी चाचरत विचारलं, वहिनी, झेपेल ना? मी म्हटलं, सावकाश चालेन, पण चालेन. सहकारी आहे एक, सगळे त्याला लंबू म्हणतात, तो फिसकन हसला. बरं वाटलं. हल्ली माझ्यासमोर कुणी मोकळं हसत नाही.

६ ऑक्टोबर
मला नवं जीपीएस मिळालं. ह्यांच्या जुन्यापेक्षा हलकं, पडदा मोठा आणि रंगीत, दाट झाडीतही उपग्रह झटकन पकडतं. जुन्यावर नुसत्या काळ्या रेघा. इथे एकट्याने वर जायचं नाही. निघताना दोघांनी आपापली यंत्रं जवळ आणून जोडी बांधायची, दोघांनीही ‘हो’ दाबायचं. मग एकमेकांचा ठिपका दिसतो, जोडीदाराची वाटही आपल्या यंत्रात उमटते. परतल्यावर जोडी सोडायची. लंबूने बजावलं, जुन्यातून फक्त नकाशे घ्या वहिनी, बाकीचा कचरा राहू दे. मी मान हलवली आणि तो गेल्यावर सगळंच नव्यात उतरवून घेतलं. ह्यांच्या पायाखालच्या वाटा त्या. कचरा कसला?

९ ऑक्टोबर
त्यांच्या वाटा निळ्या दिसतात. आज निवांत बघितल्या. शेवटच्या महिन्यात प्रत्येक निळ्या रेघेला लागून एक लाल रेघ आहे. जुन्या पडद्यावर दोन्ही काळ्या, एकमेकींत मिसळलेल्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसावं. लंबूला आडून विचारलं. तो म्हणाला, शेवटी शेवटी दादा कुणालाच बरोबर नेत नसत, साहेबांची बोलणी खायचे पण एकटेच जायचे.
एकटे म्हणे.

१० ऑक्टोबर
ती लाल रेघवाली हळू चालते. जागोजाग थांबते. आणि ती थांबली की हेही थांबतात.
माझ्यासाठी कधी थांबले नाहीत. लग्नानंतर फिरायला गेलो तेव्हाही मला त्यांची पाठच दिसायची. पुढच्या वळणावरून ओरडायचे, ये गं गोगलगायी! मी मनातल्या मनात त्यांना भिंगरी म्हणायचे. हे कुणालाच ठाऊक नाही, त्यांनाही नाही.
त्या महिन्यात मी आईच्या आजारपणात माहेरी होते. तेवढीच संधी साधली. तिच्यासाठी उन्हात उभे राहत होते, आणि मी तिकडे त्यांचे लोकरी मोजे विणत बसले होते. गेलेल्या माणसावर रागवून काय मिळणार? पण जळफळाट होतो. जेवण जात नाही.

१२ ऑक्टोबर
शेवटच्या दिवशी मात्र लाल रेघ पुढे आहे. निळी तिच्या मागून जाते. कड्यावर निळी संपते.
लाल संपत नाही. माघारी वळते.
जोडी कुणी सोडलीच नव्हती. मी तीही नव्यात उतरवून घेतली. लाल ठिपका अजून हलतोय.

१३ ऑक्टोबर
ठिपका दाबला की नाव दिसतं. धीर करून दाबलं.
गोगलगाय.
आता आठवतंय. माहेरी फोन करून हे रुसले होते. वर आलीस ती आलीस, तोंडातून एक शब्द काढायला काय झालं होतं? मी म्हटलं, चेष्टा पुरे.
म्हणजे ती माझं रूप घेऊन— आणि हे तिच्यासाठी थांबले. माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी.

१४ ऑक्टोबर
लाल ठिपका आवाराच्या फाटकापाशी. लंबूला यंत्र दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. तुम्हाला सांगितलं होतं ना वहिनी, एवढंच म्हणाला आणि सगळं पुसून टाकलं. लाल गेली. निळ्या वाटाही गेल्या. त्याच्यावर खूप ओरडले. मी कधी कुणावर ओरडत नाही.

१६ ऑक्टोबर
दुपार. दाट धुकं. साहेब आणि लंबू खाली गेलेत. यंत्र वाजलं. जोडी बांधायची?
नाव— भिंगरी.
मी कुणालाच सांगितलं नव्हतं—

‘हो’ दाबलं.

निळा ठिपका. कड्याकडून येतोय. हळूहळू. जागोजाग थांबत. ते असे चालत नसत. कधीच—

दाराशी आलाय. ठोठावत नाही. बोलत नाही.

ते नाहीत हे. कळतंय मला. पण मी गेले नाही तर पुन्हा तिच्याबरोबर—

बूट घातले. अजून उभा आहे. माझ्यासाठी थांबलाय. पहिल्यांदाच माझ्यासाठी—

कडी काढ—